परग्रहावरचा सिग्नल कसा शोधतात, आणि कसा खोडून काढतात?

मृगशीर्ष

थ्री-आय अ‍ॅटलस हा सूर्यमालेबाहेरून आलेला धूमकेतू. २०२५च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीने त्याचं निरीक्षण केलं आणि लगेच 'परग्रहवासीयांचा सिग्नल मिळाला' असे निरोप फोनवर फिरायला लागले. मीरकॅटला प्रत्यक्षात मिळाली होती हायड्रॉक्सिल रेणूंनी रेडिओ लहरी शोषल्याची खूण, १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झवर. धूमकेतूतून निघालेली पाण्याची वाफ सूर्यप्रकाशाने फुटली की हे रेणू तयार होतात. म्हणजे धूमकेतू अगदी धूमकेतूसारखाच वागत होता.

या गोंधळात एक गोष्ट कुणीच सांगितली नाही: जे लोक खरोखर असे सिग्नल शोधतात, ते नेमकं काय करतात? मला हा शोध फार मोलाचा वाटतो. म्हणूनच तो थोड्या तपशिलात मांडतोय. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात १९५९ची. ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये छोटासा लेख लिहिला. ताऱ्यांमधलं अंतर ओलांडायला रेडिओ लहरी सोयीच्या, कारण धूळ आणि वायू त्यांना फारसे अडवत नाहीत. पण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं? त्यांनी सुचवलं १४२० मेगाहर्ट्झ. विश्वात सर्वांत विपुल असलेला हायड्रोजन याच ठिकाणी स्वतःहून रेडिओ लहर सोडतो, त्यामुळे कुठल्याही ग्रहावरच्या खगोलशास्त्रज्ञाला ही जागा ठाऊक असणारच. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६०मध्ये, फ्रँक ड्रेकने अमेरिकेतल्या ग्रीन बँकची २६ मीटरची दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या सूर्यासारख्या दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळवली. पहिल्याच दिवशी एप्सिलॉन एरिडानीकडे बघताना जोरदार ठोके ऐकू आले! ड्रेकने मग एक छोटा अँटेना वेगळ्या दिशेने लावून ठेवला. काही दिवसांनी ठोके परत आले ते दोन्ही अँटेनांवर. म्हणजे स्रोत ताऱ्यावर नव्हता, इथलाच होता, बहुधा एखादं विमान.

या शास्त्राचा गाभा पहिल्याच आठवड्यात ठरला असं मला वाटतं. सिग्नल मिळणं सोपं आहे, रोज लाखो मिळतात. तो आपला नाही हे सिद्ध करणं अवघड आहे.

आजची पद्धत साधारण अशी. निसर्गातले रेडिओ स्रोत फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर पसरलेले असतात. अंतराळातले मेसर (वायूच्या ढगांत आपोआप तीव्र होणाऱ्या रेडिओ लहरी) सर्वांत अरुंद, पण तेही काहीशे हर्ट्झ रुंद. एक-दोन हर्ट्झमध्ये सगळी शक्ती कोंबलेली लहर दिसली, तर ती कुणीतरी यंत्राने बनवलेली असणार. म्हणून आलेला पट्टा अतिशय बारीक चॅनेलमध्ये चिरतात. दुसरी कसोटी फ्रिक्वेन्सी सरकण्याची. पृथ्वी फिरते, तो ग्रहही फिरत असणार, त्यामुळे तिथून आलेली फ्रिक्वेन्सी सावकाश सरकत राहायला हवी. नुसत्या पृथ्वीच्या फिरण्यानेच १ गिगाहर्ट्झवर सेकंदाला जास्तीत जास्त ०.१ हर्ट्झच्या आसपास फरक पडतो. जो सिग्नल जराही सरकत नाही, तो दुर्बिणीच्या शेजारीच उभा आहे असं समजायचं. तिसरी कसोटी ड्रेकचीच, सुधारलेली. पाच मिनिटं ताऱ्याकडे, पाच मिनिटं बाजूला, परत ताऱ्याकडे, परत बाजूला. सिग्नल फक्त ताऱ्याकडे बघतानाच दिसायला हवा.

या तिन्ही कसोट्या पार करून पुढे आलेलं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण म्हणजे बीएलसी-१.

२०१५मध्ये युरी मिल्नर यांच्या १० कोटी डॉलरच्या देणगीतून 'ब्रेकथ्रू लिसन' हा प्रकल्प जाहीर झाला. त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने एप्रिल-मे २०१९मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरीचं २६ तास निरीक्षण केलं. नरतुरंग तारकासमूहातला हा लाल खुजा तारा सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, ४.२४ प्रकाशवर्षांवर, आणि त्याच्या राहण्याजोग्या पट्ट्यात एक ग्रहही आहे. ७०० मेगाहर्ट्झपासून ४ गिगाहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा नोंदवला गेला. त्यात किमान मर्यादेच्या वरचे ४१ लाख ७२ हजार अरुंद सिग्नल सापडले. 'बाजूला बघताना नको' ही चाळणी लावल्यावर पाच हजारांच्या आसपास उरले. त्यांतून उरला एक, तोच बीएलसी-१. ९८२.००२ मेगाहर्ट्झ. २०२०मध्ये शेन स्मिथ या इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेला तो पडला. अरुंद होता, सरकत होता, काही तास टिकला होता, बाजूला बघताना दिसत नव्हता. शिवाय त्या फ्रिक्वेन्सीवर त्या परिसरात कुणी नोंदणीकृत प्रक्षेपक नव्हता.

सोफिया शेख आणि सहकाऱ्यांनी पुढचं वर्षभर हा सिग्नल खोडून काढायचा प्रयत्न केला, आणि त्यांची रीत मला अतिशय देखणी वाटते. त्यांनी सिग्नलकडे बघणं थांबवून त्याच्या सरकण्याच्या आकाराकडे बघितलं. तसाच आकार इतर फ्रिक्वेन्सींवर आहे का? आहे! साठेक जुळे सापडले. त्यांच्यातली अंतरं संगणक आणि इतर उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या घड्याळी ऑसिलेटरच्या (ठरावीक लयीत कंप पावणाऱ्या भागाच्या) फ्रिक्वेन्सींच्या हिशेबात बसत होती. आणि यांतले काही जुळे तारा सोडून बाजूला बघतानाही हजर होते. बीएलसी-१ तेवढा अगदी क्षीण, त्यामुळे बाजूच्या छोट्या निरीक्षणांत योगायोगाने दिसला नव्हता. ऑक्टोबर २०२१मध्ये 'नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी'त निष्कर्ष आला: पृथ्वीवरच्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन-तीन फ्रिक्वेन्सी मिसळून तयार झालेली भेसळ.

मधल्या काळात, डिसेंबर २०२०मध्ये, बातमी फुटली होती. 'शेजारच्या ताऱ्यावरून सिग्नल' हा मथळा जगभर गेला. निष्कर्षाची बातमी त्याच्या दशांशानेही पोचली नाही. हा धागा काढण्यामागे ती खंतही आहे.

---

बिनतारी

मृगशीर्ष, छान धागा. हॅम रेडिओ चालवणाऱ्याला ही भेसळ रोजची, म्हणून थोडं स्पष्ट करतो. तिचं नाव इंटरमॉड्युलेशन.

दोन जोरदार सिग्नल एखाद्या अशा भागात एकत्र आले की जो सरळ प्रमाणात काम करत नाही (ओव्हरलोड झालेला अ‍ॅम्प्लिफायर, इतकंच काय, गंजलेला जोडसुद्धा), तर तिथे नव्या फ्रिक्वेन्सी जन्माला येतात. १४५.० आणि १४५.२ मेगाहर्ट्झ घ्या. पहिल्याची दुप्पट वजा दुसरा म्हणजे १४४.८. दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला म्हणजे १४५.४. या दोन्ही ठिकाणी रिसीव्हर लावलात तर स्वच्छ सिग्नल ऐकू येईल आणि तिथे कुणीही बोलत नसेल. म्हणूनच 'त्या फ्रिक्वेन्सीवर नोंदणीकृत प्रक्षेपक नाही' या मुद्द्यावर फार विसंबता येत नाही.

सरकण्याचंही तसंच. स्वस्त क्रिस्टल ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतो. संध्याकाळी खोली गार व्हायला लागली की फ्रिक्वेन्सी सावकाश एका दिशेला जाते, आणि तो आलेख ग्रहाच्या गतीमुळे पडणाऱ्या फरकासारखा दिसू शकतो. शेख यांनी जुळे शोधले ते यासाठीच. एकाच क्रिस्टलची पिल्लं सगळी एकाच चालीने सरकतात.

पार्क्सचंच अजून एक प्रकरण आहे. तिथे कित्येक वर्षं 'पेरिटॉन' नावाचे क्षणिक रेडिओ झटके नोंदले जात होते आणि उगम कळत नव्हता. २०१५मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. वेधशाळेतला मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असताना वेळ संपायच्या आत कुणी दार उघडलं, की मॅग्नेट्रॉन (ओव्हनमधला लहरी तयार करणारा भाग) बंद होता होता झटका बाहेर पडायचा. झटके कामाच्या दिवशी आणि विशेषतः जेवणाच्या वेळेला जास्त दिसत, हा धागा त्यांना उपयोगी पडला.

---

ज्योत्स्ना_वाई

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मुलं हमखास विचारतात तो 'वॉव सिग्नल' तरी खरा होता का? आणि आपले टीव्ही-रेडिओचे कार्यक्रम तिकडे कुणाला ऐकू जात असतील का? दोन्हींचं उत्तर देताना माझी अडचण होते. सोप्या पण खऱ्या शब्दांत कुणी सांगाल का?

---

मृगशीर्ष

ज्योत्स्नाताई, वॉव सिग्नल खरा होता, म्हणजे नोंद खरी होती. कुणाचा होता ते ठरलेलं नाही.

१५ ऑगस्ट १९७७. ओहायो राज्य विद्यापीठाची 'बिग इअर' दुर्बीण. ही दुर्बीण तारा चालेल तसं तोंड फिरवत नसे. ती स्थिर, आणि पृथ्वी फिरेल तसं आकाश तिच्यासमोरून सरके. त्यामुळे आकाशातला कुठलाही खरा बिंदू तिच्या टप्प्यात ७२ सेकंद राहणार, आधी चढत जाणार आणि मग उतरणार. त्या रात्री १४२० मेगाहर्ट्झजवळ, धनू राशीच्या दिशेने, बरोब्बर तसाच ७२ सेकंदांचा चढउतार नोंदला गेला. छापील कागदावर तीव्रता आकडे आणि अक्षरांत येई: ६ईक्यूयूजे५. यातलं 'यू' म्हणजे पार्श्वभूमीच्या तीसपट. जेरी एमन यांनी काही दिवसांनी कागद तपासताना त्याभोवती लाल पेनने गोल केला आणि समासात 'वॉव' लिहिलं.

चढउताराचा आकार जुळतो म्हणजे जवळच्या एखाद्या यंत्राची शक्यता कमी होते. हा त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा. विरुद्ध बाजूचा मुद्दाही तितकाच मोठा आहे. बिग इअरला शेजारी शेजारी दोन शिंगं (लहरी गोळा करणारे कर्णे) होती, आणि आकाशातली वस्तू एका शिंगासमोरून गेल्यावर सुमारे तीन मिनिटांनी दुसऱ्यासमोरून जायला हवी होती. सिग्नल एकाच शिंगात दिसला. कुठल्या, तेही नोंदीवरून कळत नाही. चॅनेल १० किलोहर्ट्झ रुंद होते, म्हणून सिग्नल आत किती अरुंद होता हेही सांगता येत नाही. नंतर रॉबर्ट ग्रे यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं त्या जागेकडे कान लावला, काही मिळालं नाही. २०२४मध्ये आबेल मेंडेझ यांच्या गटाने मांडलं की थंड हायड्रोजनचा ढग क्षणभर उजळल्याने असं होऊ शकतं. ही शक्यता आहे, निकाल नाही. बिग इअर १९९८मध्ये पाडली, जागा गोल्फच्या मैदानाला गेली. मुलांना सांगताना 'एकदाच दिसलेली गोष्ट विज्ञानात पुरावा म्हणून चालत नाही, पण ती फेकूनही देत नाहीत' इतकं सांगता येईल.

टीव्ही-रेडिओबद्दल: ते प्रक्षेपण सगळीकडे पसरलेलं आणि अंतरागणिक फार विरळ होत जातं. आपल्याकडे आज आहेत तशाच दुर्बिणी तिकडे असतील तर जवळच्या ताऱ्यांवरही ते ऐकू येणं कठीण. आपला सर्वांत लांब ऐकू जाणारा आवाज म्हणजे लघुग्रह तपासायला वापरलेले रडार झोत. २०२५च्या एका अभ्यासात (त्यातही सोफिया शेख होत्याच) हिशेब मांडला आहे की पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या रडारसारखा झोत आपल्याच तंत्रज्ञानाने १२,००० प्रकाशवर्षांवरून ओळखता येईल. अट एवढीच की झोत नेमका त्यांच्या दिशेने गेला पाहिजे. अरेसिबोची दुर्बीण १ डिसेंबर २०२०ला कोसळली.

---

रोखठोक

वाचायला छान आहे, पण माझा आक्षेप मांडतो. १९६०पासून ऐकतायत, हाती काही नाही. आणखी किती दशकं? त्यापेक्षा ग्रहांच्या वातावरणातले वायू तपासून साधं जिवाणू-जीवन शोधणं जास्त भरवशाचं नाही का? जयंत नारळीकरांनी इस्रोच्या बलूनमधून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा आणून जिवाणू शोधले, तो प्रयोग मला अधिक पटतो. हातात नमुना येतो, तो तपासता येतो.

---

मृगशीर्ष

रोखठोक, नारळीकर सरांच्या त्या प्रयोगातून तीन नवे जिवाणू सापडले, त्यांतल्या एकाला आर्यभटांचं नाव दिलं. पण ते अंतराळातूनच आले असं त्या गटानेही ठामपणे म्हटलं नाही, कारण 'इथलंच तर नव्हे ना' हा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो. वायूंचंही तेच. के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहावर डायमिथाईल सल्फाईडच्या (पृथ्वीवर मुख्यतः सजीवांपासून बनणाऱ्या वायूच्या) खुणा दिसल्याचं २०२५मध्ये निक्कू मधुसूदन यांच्या गटाने मांडलं, आणि लगेच इतरांनी तीच माहिती वेगळ्या रीतीने तपासून शंका घेतल्या. दोन्ही वाटा हव्यात. एकीमुळे दुसरी रद्द होत नाही.

'इतकी वर्षं' या मुद्द्याबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. वर्षं मोजणं चुकीचं आहे, किती शोधलं ते मोजायला हवं. दिशा, फ्रिक्वेन्सी, किती क्षीण सिग्नल पकडता येतो, कुठल्या वेळी बघितलं, हे सगळं गुणून जेसन राईट आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये हिशेब केला. पृथ्वीवरचे सगळे समुद्र तपासायचे असतील तर आजवर एका छोट्या पोहण्याच्या तलावाइतकं पाणी तपासून झालंय. त्यात मासा मिळाला नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत असं कुणी म्हणणार नाही.

आणि खर्च. नासाने ऑक्टोबर १९९२मध्ये मोठा शोध सुरू केला, अमेरिकी संसदेने वर्षभरात तो बंद पाडला. तेव्हापासून हा शोध बराचसा देणग्यांवर चालतो. जिल टार्टर यांनी त्याच उपकरणांवर, देणग्या गोळा करून, 'फिनिक्स' प्रकल्प २००४पर्यंत चालवला आणि सुमारे ८०० ताऱ्यांचा वेध घेतला. ही चिकाटी मला थक्क करते. या उपकरणांचा दुसरा उपयोगही बघा: ऑगस्ट २०१७मध्ये विशाल गज्जर यांनी ग्रीन बँकला ब्रेकथ्रू लिसनच्याच यंत्रणेने एफआरबी १२११०२ (एफआरबी म्हणजे क्षणिक, जोरदार रेडिओ झटका) या दूरच्या दीर्घिकेतल्या स्रोताचे डझनभराहून अधिक झटके एका बैठकीत पकडले. त्यांची पीएचडी पुण्याच्या एनसीआरएची, म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची.

---

कुकडीकाठ

एनसीआरएचा विषय निघालाच आहे तर त्यांच्याच, आमच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबद्दल लिहितो. मी नारायणगावजवळचा. आमच्याकडे टोमॅटो आणि द्राक्षांच्या वावरांमधून जीएमआरटीच्या तबकड्या दिसतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या. १४ मधल्या भागात दाटीने, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना, सगळ्यांत लांबच्या दोघींमध्ये सुमारे २५ किलोमीटर. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी तबकडीचा पृष्ठभाग भरीव न करता तारांच्या जाळीचा केला, म्हणून वजन आणि खर्च कमी झाला आणि वारा आरपार जातो. जागा निवडताना इथे रेडिओ गोंगाट कमी आहे आणि सह्याद्रीचे डोंगर आडोसा देतात हेही बघितलं होतं. आता मोबाईल टॉवर, विजेच्या तारा, सगळंच वाढलंय, त्यामुळे तो गोंगाट गाळून काढायला त्यांना बरंच काम करावं लागतं.

एक प्रसंग मात्र या धाग्यात यायलाच हवा. १९ ऑक्टोबर २०१६ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा प्रक्षेपक मोजक्या वॅटचा, ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि खरं म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी ऐकावा म्हणून बनवलेला. मंगळ तेव्हा साडेसतरा कोटी किलोमीटरवर होता. तो आवाज इथे खोडदला थेट ऐकला! यान खाली येताना वेग बदलत गेला तशी फ्रिक्वेन्सी सरकत गेली, तेही पडद्यावर दिसलं. मग उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या जरा आधी सिग्नल तुटला. यान आदळलं होतं. ऐकणाऱ्यांना फ्रिक्वेन्सी, दिशा, वेळ सगळं आधी माहीत होतं, म्हणून इतकं क्षीण पकडता आलं. मृगशीर्ष ज्या शोधाबद्दल लिहितायत त्यात यातलं काहीच माहीत नसतं.

---

बिनतारी

कुकडीकाठ, फार मोलाची भर. अनेक तबकड्यांचा आणखी एक फायदा: लांब लांब असलेल्या तबकड्यांना खरा आकाशातला सिग्नल ठरावीक वेळेच्या फरकाने मिळतो, शेजारच्या टॉवरचा तसा मिळत नाही. लोफार या युरोपातल्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याच्या आयर्लंड आणि स्वीडनमधल्या केंद्रांनी एकाच वेळी एकाच दिशेने ऐकून हेच केलं, ११० ते १९० मेगाहर्ट्झवर, १६ लाखांहून अधिक ताऱ्यांच्या दिशांत. २०२३मध्ये ते प्रसिद्ध झालं. जो गोंगाट एकाच ठिकाणी दिसला तो सरळ बाद. बीएलसी-१ पार्क्सबरोबर दुसऱ्या दूरच्या दुर्बिणीने त्याच वेळी ऐकलं असतं तर वर्षभराचं काम एका दिवसात झालं असतं.

---

ज्योत्स्ना_वाई

सगळ्यांचे आभार. शेवटचे दोन प्रश्न. खरंच मिळाला तर काय करायचं हे ठरलंय का? आणि वर्गात मुलांना यातलं काही प्रत्यक्ष करून दाखवता येईल का?

---

मृगशीर्ष

ताई, ठरलेलं आहे, पण ते कायदा नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीने १९८९मध्ये तत्त्वं लिहिली, २०१०मध्ये सुधारली. आधी स्वतः तपासा, मग दुसऱ्या वेधशाळांकडून तपासून घ्या, मग सगळ्या जगाला सांगा, सगळी माहिती खुली ठेवा, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर पाठवू नका. शेवटचा मुद्दा मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. १६ नोव्हेंबर १९७४ला अरेसिबोहून एम-१३ या तारकागुच्छाकडे १६७९ अंकांचा संदेश पाठवला गेला तेव्हा असं कुणालाच विचारलं नव्हतं. एम-१३ सुमारे २५,००० प्रकाशवर्षांवर आहे.

वर्गासाठी: पूर्वी सेटी-अ‍ॅट-होम हा उत्तम मार्ग होता, घरचा संगणक मोकळा असताना डेटा तपासून द्यायचा. १९९९ला सुरू झालेला तो प्रकल्प मार्च २०२०मध्ये नवं काम वाटणं थांबवून बसला. आता ब्रेकथ्रू लिसनचा डेटा खुला आहे. त्यात सरावासाठी व्हॉयेजर-१ यानाची एक फाईल मिळते, ग्रीन बँकने नोंदवलेली. पायथन या संगणकभाषेत ती उघडते. ८.४ गिगाहर्ट्झजवळ मधोमध वाहक लहरीची जाड रेघ आणि दोन्ही बाजूंना समान अंतरावर माहितीच्या दोन फिकट रेघा दिसतात. वीसेक वॅटचा प्रक्षेपक, नेपच्यूनच्या कितीतरी पलीकडे. शोधाची संगणकप्रणाली बरोबर चालतेय का हे शास्त्रज्ञही यावरूनच तपासतात, कारण पृथ्वीबाहेरून आलेला तंत्रज्ञानाचा खरा सिग्नल असा दिसतो. फाईल उघडायला अडलं तर इथेच लिहा, मी आणि बिनतारी मदत करू. मुलांना आधी चित्र नुसतं दाखवा आणि विचारा, या तिन्ही रेघा उभ्या नसून तिरक्या का आहेत, आणि तिघी एकाच बाजूला का कलल्यात.